दिवा, माळ आणि बीपीची गोळी

खानदेशातल्या पारोळ्याच्या बालाजी मंदिरात संध्याकाळची आरती आटोपली, की खाली बसलेली वयस्कर मंडळी उठू लागतात. कोण कसं उठतं ते एकदा नीट पाहा. एखादे आबा मांडी सोडतात आणि कुठेही हात न टेकवता सरळ उभे राहतात. एखाद्या मावशी आधी एका अंगावर कलतात, तळहात फरशीवर रोवतात, मग गुडघा, मग शेजारणीचा खांदा. ब्राझीलमध्ये नेमकं हेच उठणं-बसणं तपासलं गेलं. ५१ ते ८० वयाच्या २००२ स्त्री-पुरुषांना जमिनीवर बसायला आणि उठायला सांगून दहापैकी गुण दिले. पुढची सहा-एक वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं, तेव्हा ज्यांना हात, गुडघे, आधार जास्त लागले होते, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण बरंच जास्त निघालं. २०१२ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. जमिनीवर बसल्यानं आयुष्य वाढतं असं त्यातून सिद्ध होत नाही. पण पायांची ताकद, तोल आणि सांध्यांची लवचीकता म्हातारपणी किती कामाची असते, एवढं नक्की कळतं. देवापुढे रोज बसणाऱ्या माणसाचा हा व्यायाम दिवसातून दोन-चार वेळा आपोआप होतो.

‘रोज प्रार्थना केली तर तब्येत सुधारते का?’ या प्रश्नाचं उत्तर मी ‘हो’ असंच देईन. मात्र ही सुधारणा शरीराच्या ओळखीच्या वाटांनीच येते: श्वास, गुडघे, झोप, तंबाखू, दारू, शेजारी. या वाटा माहीत असतील तर त्याच प्रार्थनेतून जास्त पदरात पडतं, आणि वाटेतले खड्डेही चुकवता येतात. खड्डे आहेतच. ‘मना देव शे ना’ (माझा देव आहे ना) म्हणून गोळ्यांची पट्टी कोनाड्यात ठेवून देणारी माणसं आपल्या प्रत्येक गल्लीत सापडतील.

श्वासापासून सुरुवात करू. २००१ च्या डिसेंबरमध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये इटलीच्या लुचियानो बर्नार्दी आणि सहकाऱ्यांचा एक छोटा अभ्यास आला. २३ निरोगी माणसांना त्यांनी लॅटिनमधली जपमाळेची ख्रिस्ती प्रार्थना म्हणायला लावली आणि ‘ओम मणि पद्मे हुम’ हा बौद्ध मंत्रही म्हणायला लावला. दोन्ही वेळी एकच गोष्ट घडली. श्वास मिनिटाला जवळपास सहावर आला. एरवी बसल्या जागी आपण बारा ते वीस वेळा श्वास घेतो. मानेतल्या मोठ्या धमन्यांत आणि हृदयाजवळच्या महाधमनीत रक्ताचा दाब ओळखणारे मज्जातंतू असतात. दाब वाढला की ते मेंदूला कळवतात आणि मेंदू हृदयाची गती उतरवतो. हे दाबाचं वरखाली होणं साधारण दहा सेकंदांच्या लयीत चालतं. श्वासही दहा सेकंदांचा झाला की दोन्ही लयी जुळतात आणि ही नियंत्रणव्यवस्था जास्त तत्पर होते. जपमाळ युरोपात पूर्वेकडून, अरबांमार्फत गेली असावी, असंही त्या संशोधकांनी नमूद केलंय. मला त्यातलं महत्त्वाचं हे वाटतं, की शरीरानं देव कोणता हे विचारलं नाही. त्याला लय कळली.

आता हे आपल्या घरच्या जपाला लावून पाहा. बहुतेकांचा जप घाईत चालतो. आजकाल बोटात अडकवायचं जप मोजायचं छोटं यंत्र मिळतं. बटण दाबलं की आकडा पुढे. टीव्हीवर मालिका चालू, अंगठा बटणावर आणि ‘आज पाच हजार झाले’ हे समाधान. त्या पाच हजारांचं पुण्य किती, ते मला ठरवता येणार नाही. पण श्वासाला त्यातून काही मिळत नाही. आरतीचंही तसंच. ती टाळ्यांच्या ठेक्यावर, उभ्यानं, चढ्या आवाजात होते. अंगात तरतरी येते, खांदे हलतात, ते चांगलंच. पण श्वास संथ करण्याचं काम तिचं नाही. ते काम सावकाश जपाचं, लांबवलेल्या ओंकाराचं, नाहीतर शांतपणे म्हटलेल्या स्तोत्राचं.

करायचं असं. पाठ ताठ राहील असं बसा. मांडी जमत नसेल तर खुर्ची चालते. नाकानं चार-एक सेकंद श्वास आत घ्या आणि नाम सोडत्या श्वासावर म्हणा, सहा-एक सेकंद पुरेल इतकं सावकाश. ‘रामकृष्णहरी’ असो, ‘अल्लाह’ असो की ‘बुद्धं सरणं’. एक मणी, एक श्वास. या चालीनं १०८ मण्यांची माळ अठरा मिनिटांत होते. पहिल्या आठवड्यात इतका वेळ बसवत नसेल तर अर्धी माळ करा. ओठ मिटून गुणगुणल्यासारखा ‘म’कार लांबवलात तर आणखी एक गोष्ट घडते. गुणगुणताना नाकातल्या पोकळ्यांमधून नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू शांत श्वासापेक्षा कितीतरी पट जास्त बाहेर पडतो, हे स्वीडनमध्ये २००२ साली मोजलं गेलंय. सर्दी बरी होण्याची हमी यातून कुणी देऊ नये. श्वास रोखून धरणं मात्र टाळा. बीपी, हृदयविकार, दमा असणाऱ्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी कुंभकाच्या वाटेला जाऊच नये. चक्कर आली, जीव घाबरला, तर नेहमीचा श्वास चालू करायचा आणि त्या दिवसापुरतं थांबायचं.

संथ श्वासानं रक्तदाब उतरतो, पण थोडाच. थोडासुद्धा कामाचा असतो. तरी १६०-१७०वर असलेला वरचा आकडा जपानं १३०वर येईल ही अपेक्षा धरू नका. शिवाय जप संपल्या संपल्या बीपी मोजलं तर आकडा छान येतो. तो त्या घडीचा आकडा. खरा अंदाज हवा असेल तर सकाळी, गोळी घेण्याआधी, लघवीला जाऊन येऊन, पाच मिनिटं गप्प बसून मोजा. आधीचा अर्धा तास चहा नाही, तंबाखू नाही. दंड छातीच्या पातळीवर टेकवलेला हवा. आठवडाभराचे आकडे वहीत लिहा. ती वही दाखवून डॉक्टरांनी गोळी कमी केली तर आनंदच आहे. आपण होऊन कमी करायची नाही.

उलट, गोळी देवघराला जोडा. बीपीची औषधं रोज एका ठरावीक वेळी घ्यायची असतात आणि सर्वाधिक घोळ नेमका तिथेच होतो. घड्याळ बघायचं विसरतं, मोबाइलचा गजर आपण बंद करतो, पण वर्षानुवर्षांची दिवाबत्ती चुकत नाही. गोळ्यांची डबी निरांजनाच्या शेजारी, तेलाचा हात लागणार नाही अशी ठेवली, की वात लावताना ती दिसते. मात्र सगळ्या गोळ्यांना एकच वेळ चालत नाही. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी, म्हणजे पूजेच्याही आधी. मेटफॉर्मिन जेवणासोबत, म्हणजे नैवेद्य दाखवून झाल्यावर. कुठली गोळी कुठे बसवायची, ते डॉक्टरांना किंवा औषधाच्या दुकानात एकदा विचारून घ्या. घरात लहान मुलं असतील तर डबी वर ठेवा, आणि कापूरही. कापराची वडी खडीसाखरेसारखी दिसते आणि लहान मुलानं ती गिळली तर फिट येऊ शकते.

तंबाखू आणि दारू या दोन गोष्टींवर जरा थांबायला हवं. मला विचाराल तर प्रार्थनेचा शरीरावर होणारा सगळ्यात मोठा परिणाम इथेच आहे, आणि त्याची चर्चा सगळ्यात कमी होते. अमेरिकेत ७४,५३४ परिचारिकांवर सोळा वर्षं चाललेला एक अभ्यास २०१६ साली आला. आठवड्यातून एकाहून जास्त वेळा सामूहिक प्रार्थनेला जाणाऱ्या स्त्रियांमध्ये मृत्यूचं प्रमाण कधीच न जाणाऱ्यांपेक्षा ३३ टक्क्यांनी कमी होतं. या स्त्रिया बहुतेक ख्रिस्ती होत्या. शिवाय ज्यांची तब्येत चांगली त्याच बाहेर पडतात, हाही भाग असतोच. संशोधकांनी तो शक्य तितका वजा केला होता. मग हा फरक आला कुठून? धूम्रपानापासून दूर राहणं आणि माणसांचा आधार, या दोन कारणांचा प्रत्येकी पाचव्या हिश्श्याहून जास्त वाटा निघाला.

आपल्याकडे माळ घालणं म्हणजे व्यसनापासून तसंच दूर राहणं. गळ्यात तुळशीची माळ आली की दारू आणि मांस सुटतं, आणि ते सोडल्याची साक्ष सगळं गाव असतं. आग्रह करणारे मित्रसुद्धा ‘माळकरी आहे’ म्हटल्यावर हात मागे घेतात. व्यसनमुक्तीच्या कुठल्याही केंद्राला हेवा वाटावा अशी ही सोय आहे. पण एक धोका आहे. वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्या माणसानं एका दिवसात दारू तोडली, तर दोन-चार दिवसांत हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. काहींना फिट येते, काहींना भास होतात, भिंतीवर किडे दिसतात. घरच्यांना वाटतं बाहेरचं काही लागलं, अंगात आलं. हा शरीराचा आजार आहे, जिवावर बेतणारा आहे आणि त्यावर औषध आहे. घरातलं कुणी माळ घालणार असेल आणि पिणं जुनं असेल, तर आधी डॉक्टरांना भेटा. डॉक्टरांच्या देखरेखीखाली दारू तोडा आणि मग महाराजांकडून माळ घ्या. पांडुरंगाची हरकत असायचं कारण नाही.

तंबाखूच्या मिसरीचं जरा वेगळं. ती बायकांच्या सकाळच्या कामांत इतकी मिसळलेली असते की तिला कुणी व्यसनात धरतच नाही. आंघोळ करून पूजा होईपर्यंत तोंडात काही घालायचं नाही, हा नियम बऱ्याच घरांत आहे. तोच लांबवत न्या. आधी पूजेपर्यंत, मग दुपारच्या पोथीपर्यंत, मग दिवेलागणीपर्यंत. तलफ येते ती काही मिनिटांची असते. तेवढ्या वेळासाठी माळ हातात घ्या.

माणसांचा आधार हा दुसरा भाग. घरी एकट्यानं केलेली पूजा आणि चार जणांत बसून म्हटलेला हरिपाठ यांत फरक पडतो. भजनी मंडळात रोज येणारे नाना दोन दिवस दिसले नाहीत तर तिसऱ्या दिवशी कुणीतरी त्यांच्या दारात उभं असतं. मुलं पुण्याला, सुरतेला. घरात दोघंच म्हातारे. तिथे हे विचारायला येणं औषधापेक्षा कमी नाही. स्वीडनमधल्याच दुसऱ्या एका अभ्यासात एकत्र गाणाऱ्यांच्या हृदयाची गती एकमेकांच्या जोडीनं वरखाली होताना दिसली, कारण गाताना सगळे एकाच वेळी श्वास घेतात. टाळाच्या ठेक्यावर पावली खेळणाऱ्यांना याचा दाखला लागत नाही. आठवड्यातून एकदा ठरलेल्या वेळी एकत्र बसण्याची खानदेशाला जुनी सवय आहे. १९३२ साली विनोबांनी धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर अठरा प्रवचनं दिली ती ओळीनं रविवारी, आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. त्यांना कुठे तब्येत कमवायची होती म्हणा!

मशिदीत जाणाऱ्यांनाही जमातचा, म्हणजे एकत्र नमाजाचा, हाच लाभ मिळतो. शिवाय दिवसातून पाच वेळा उभं राहणं, वाकणं, सजदा. ही हालचाल सांध्यांना चांगली, पण ज्यांचे गुडघे गेलेत त्यांनी खुर्चीवर बसून नमाज अदा करावी. तशी मुभा आहे. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डोकं खाली घालायला डॉक्टर काही दिवस मना करतात, काचबिंदू असेल तर त्यांना आवर्जून विचारावं. साष्टांग नमस्कारालाही हेच लागू. बीपीच्या गोळ्या घेणाऱ्यांनी वाकलेल्या स्थितीतून झटकन उभं राहू नये. डोळ्यांपुढे अंधारी येते आणि माणूस फरशीवर पडतो. या वयात मांडीचं हाड मोडलं तर ते वर्ष गेलं समजा. आधी बसा, दहापर्यंत आकडे मोजा, मग उठा.

उपवासाबद्दल प्रत्येकाची मतं पक्की असतात, म्हणून थोडक्यात सांगतो. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचे वेफर्स आणि राजगिऱ्याचा लाडू हा उपवास नव्हे, ती वेगळी मेजवानी आहे. मधुमेह असेल तर त्या दिवशी साखर नेहमीपेक्षा जास्त चढते. उलट इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेऊन काहीच खाल्लं नाही तर साखर घसरते. घाम, थरथर, बडबड, बेशुद्धी. एकादशी असो की रोजा, औषधाचं प्रमाण आणि वेळ आधी बदलून घ्यावी लागते. रमजान सुरू होण्याच्या महिनाभर आधी डॉक्टरांकडे जा. बोटातून थेंब काढून साखर तपासल्यानं रोजा तुटत नाही, असं अनेक उलेमा सांगतात. आकडा ७०च्या खाली किंवा ३००च्या वर गेला तर त्या दिवसाचा रोजा किंवा उपवास सोडून द्यायचा. निर्जळी उपवास मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांसाठी नाही. आणि नवरात्रात सुट्टं भगरीचं पीठ विकत आणू नका. भगरीला बुरशी लागते आणि विषबाधेच्या बातम्या दर वर्षी कुठून ना कुठून येतात. पाकीटबंद भगर आणा, निवडून, धुऊन घ्या आणि लागेल तेवढीच घरी दळा.

देवघर बहुतेक घरांत स्वयंपाकखोलीच्या कोपऱ्यात असतं, खिडकीपासून लांब. तिथे सकाळ-संध्याकाळ अगरबत्त्यांचा जुडगा लावला तर तो धूर बिडीच्या धुरासारखाच छातीत जातो. घरात दमेकरी किंवा तान्हं मूल असेल तर तुपाचं निरांजन आणि फूल पुरे. धूप लावायचाच असेल तर अंगणात, तुळशीपाशी.

आता जे मागू नये त्याबद्दल. आपल्यासाठी दुसऱ्यांनी प्रार्थना केली तर आजार बरा होतो का, हे अमेरिकेत फार काटेकोरपणे तपासलं गेलं. ते तपासणारे डॉक्टर हर्बर्ट बेन्सन प्रार्थनेचे विरोधक नव्हते. ध्यान-जपानं शरीर शांत होतं हे त्यांनीच १९७५ मध्ये पुस्तक लिहून लोकांपर्यंत नेलं होतं. त्यांनी सहा रुग्णालयांतल्या १८०२ बायपास रुग्णांचे तीन गट केले. निष्कर्ष २००६ मध्ये आले. ज्यांच्यासाठी प्रार्थना झाली पण ज्यांना त्याची खात्री नव्हती, त्यांच्यापैकी ५२ टक्क्यांना गुंतागुंत झाली. प्रार्थना न झालेल्यांत ५१ टक्क्यांना. आणि ज्यांना ‘तुमच्यासाठी प्रार्थना होणारच आहे’ असं सांगितलं होतं त्यांच्यात ५९ टक्क्यांना. ‘माझ्यासाठी प्रार्थनेची वेळ आली, म्हणजे माझं खरंच काही खरं नाही’, असं त्यांना वाटलं असावं, असा एक तर्क केला गेला. नवस बोलू नका असं मी म्हणत नाही. आजाऱ्याच्या उशाशी बसून रडत नवस बोलू नका, एवढं नक्की म्हणेन.

आणि काही वेळा प्रार्थनेआधी गाडी लागते. छातीत दाब येऊन तो डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे सरकला, तोंड एका बाजूला वाकडं झालं, बोलणं अडखळलं, साप चावला, तर अंगारा लावण्यात एक मिनिटही घालवू नका. १०८ला फोन करा. पारोळ्याचं सरकारी रुग्णालय जवळ आहे, तिथून पुढे धुळ्याचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय पस्तीसेक किलोमीटरवर. साप चावलेला हात-पाय हलवू द्यायचा नाही, दोरी आवळायची नाही, कापायचं नाही. साप, कुत्रा किंवा विंचू चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देता मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्यानं गुन्हा आहे. प्रार्थना गाडीत बसून करता येते, वाटेत भरपूर वेळ असतो.

शेवटी यात्रेचं. चैत्रात आपल्या भागातून पायी सप्तशृंगी गडाची वाट धरणारे हजारो लोक असतात, आणि तेव्हा खानदेशात पारा चाळिशीच्या पुढे गेलेला असतो. मधुमेहानं तळपायाची जाणीव कमी झालेल्या माणसाला तापलेल्या डांबराचा चटका कळत नाही. दुपारी मंदिराभोवतीची अनवाणी प्रदक्षिणासुद्धा पुरते. रात्री पाय पाहिल्यावर फोड दिसतो, आठवड्यानं जखम चिघळते आणि काही वेळा बोट काढावं लागतं. अनवाणी जाण्याचा नवस असेल तर जाडसर सुती मोजे घाला, आणि प्रदक्षिणा सूर्य वर येण्याआधी करा. चालायचं असेल तर पहाटे चार ते नऊ आणि संध्याकाळी पाचनंतर. मुक्कामाला पोचल्यावर दुसऱ्या कुणाला तरी तळवे पाहायला सांगा, कारण स्वतःचा तळवा स्वतःला नीट दिसत नाही. निघण्याआधी महिनाभर रोज थोडं थोडं चालायचा सराव हवा. बीपी, साखर तपासून घ्या आणि साठी ओलांडली असेल तर हृदयाची पट्टीही काढून घ्या. दवाखान्यात ‘पथ्य काय?’ एवढंच विचारून परतू नका. कुठले उपवास करता, माळ कधी घातली, यात्रा कधी निघते, हे सगळं केसपेपरच्या पाठीमागे लिहून न्या. गर्दीत डॉक्टर ते विचारत नाहीत आणि आपणही सांगत नाही.